माहुलची हवा आणि युलरचे चौकोन

केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत मुंबईत तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांशेजारी असलेल्या माहुल-आंबापाड्यातल्या दर तिघांपैकी जवळपास दोघांनी धाप लागत असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही इथल्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. तरी वाद उरतोच: कोणत्या धुराड्याचा, कोणत्या टाकीचा वाटा किती? त्याचे उत्तर संगणकातल्या मॉडेलला विचारले जाते. वाऱ्याचा वेग, सोडण्याची उंची, हवेची स्थिरता, गळतीचा दर असे आकडे आत घालायचे, की प्रदूषणाचा नकाशा बाहेर येतो. तो नकाशा नेमका कोणत्या आकड्यावर उभा आहे, हे मात्र माहुलकरांना कोणी सांगत नाही.

एकेक आकडा बदलून पाहण्याची रीत इथे फसवी ठरते. रात्री हवा स्थिर असली, म्हणजे वर-खाली मिसळत नसली, की उंच धुराड्याचा धूर डोक्यावरून निघून जातो. पण टाकीतून किंवा भरणीच्या वेळी निसटणारी वाफ तीच स्थिर हवा जमिनीलगत कोंडून ठेवते. स्थिरता घातक की उपकारक, हे उंचीवर ठरते. फक्त धुराडे समोर ठेवून स्थिरता तपासणाऱ्याला रात्र निर्धोक वाटेल, आणि माहुलच्या लोकांची तक्रार खोटी!

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतात प्रयोग करताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात यातून वाट काढली: अनेक घटक एकाच वेळी, पण आखीव मांडणीने बदलायचे. पाच घटकांच्या दोन-दोन पातळ्या घेतल्या तर सगळ्या जुळण्या ३२ होतात. तीन किंवा अधिक घटकांचे एकत्रित परिणाम नगण्य मानले, तर नीट निवडलेल्या १६ धावांतही, म्हणजे मॉडेल १६ वेळा चालवूनही, प्रत्येक घटकाचा आणि दोन-दोन घटकांच्या संगनमताचा परिणाम वेगळा काढता येतो.

प्रयोगांच्या आखणीच्या या शास्त्राचे एक मूळ लॅटिन चौकोनांत आहे: प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येईल असे तक्ते. असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते परस्परलंब. १७८२ मध्ये गणितज्ञ युलर यांनी अंदाज बांधला होता की ६, १०, १४ अशा आकारांचे परस्परलंब चौकोन असूच शकत नाहीत. १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ६ वगळता तो सगळीकडे खोटा ठरवला. हेच श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की अंदाज खोटा ठरवणारा दहा बाय दहाचा तक्ता कोणीही पेन्सिल घेऊन तपासू शकतो. युलरसारख्या नावाचाही तिथे दबाव चालत नाही.

माहुलच्या हवेवर निर्णय देणाऱ्या प्रत्येक मॉडेलसोबत त्याच्या धावांचा असाच पूर्ण तक्ता, मराठीतून, प्रदूषण नियंत्रण मंडळाने लोकांपुढे ठेवावा.