कोर्ट बदललं, खेळ नाही

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला निघालेल्या, कधीकाळी कॉलेजच्या संघात खेळलेल्या मंडळींना आज नंदू नाटेकरांची गोष्ट सांगावीशी वाटते.

सांगलीत 1933 साली जन्मलेला हा मुलगा माटुंग्याच्या रुइया कॉलेजात आला, तेव्हा डोक्यात टेनिस होतं. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत तो पोचलाही. समोर होता पुढे मोठा टेनिसपटू झालेला रामनाथन कृष्णन! तिथं हरल्यावर त्यानं बॅडमिंटनची रॅकेट धरली. आपल्याकडे खेळ बदलणाऱ्याला लोक चटकन धरसोड्या म्हणतात. मला मात्र त्यात धीटपणा दिसतो. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलांगर स्पर्धा जिंकून नाटेकर आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्यांचा नाजूक, नजाकतीचा खेळ पाहायला लोक मुद्दाम जात.

आणि टेनिस? ते घरातून गेलंच नाही. मुलगा गौरव राष्ट्रीय विजेता झाला. 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या जोडीनं त्यानं दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं.