नाही म्हणायची मुभा

मुंबईला निघायच्या आदल्या रात्री बायकोनं भाकरी बांधता बांधता विचारलं, "बांधाचं काही बोलणार का?" मी म्हटलं, "गप बस." पण एसटीत बसल्यापासून दादर येईस्तोवर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दादा आणि मी सहा वर्षं बोलत नव्हतो. माण तालुक्यातली कोरडवाहू जमीन, तीत दोन सऱ्यांचा वाद. मोजणी आणली, खुणेचे दगड रोवले, ते रातोरात हलले. कुणी हलवले ते दोघांनाही ठाऊक. मग दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी आटोक्यात आला, पण उलटू नये म्हणून दुसऱ्याच्या मूळपेशी घालाव्या लागतील म्हणाले. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बहिणीचं जुळलं नाही, माझं जुळलं. गावात मी एका दिवसात देवमाणूस झालो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं प्रत्येकाच्या काखेत फाईल. पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा पेशंट कोण. मी पेशंट नाही म्हटल्यावर लोक जरा वेगळ्या नजरेनं बघायचे.

तपासण्या झाल्यावर परळच्या रुग्णालयात एका बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. वहिनीला बाहेर थांबवलं. म्हणाल्या, "काका, मनात नसेल तर आत्ता सांगा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुमची तब्येत यात बसत नाही. पण त्यांचे मोठे डोस सुरू झाले की माघार घेऊ नका. तेव्हा त्यांची मज्जा रिकामी झालेली असेल. तुमच्या पेशी मिळाल्या नाहीत तर ते जगायचे नाहीत."

पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात 'नाही' ठेवला होता. आणि मी लगेच 'हो' म्हटलं नाही. एक दिवस मागितला. हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही.

बाहेर पडून लालबागपर्यंत चालत गेलो. मसाल्याच्या वासानं नाक झोंबलं. आमचे वडील इथल्याच गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी आले, ते कायमचे. फंडाच्या पैशातून जो तुकडा घेतला, त्याच्याच बांधावरून आम्ही भांडतोय. त्या साली दादानं शाळा सोडून लोकांची शेरडं राखली, म्हणून मी शिकलो. मग हे दान कसलं, ही तर फेड. आणि गावाच्या भीतीनं दिलं तर दंड. बांध मागून दिलं तर सौदाच झाला. कागदावर मात्र माझं नाव 'दाता'.

संध्याकाळी धर्मशाळेत बुलढाण्याकडची एक म्हातारी नातवासाठी आलेली, तिला हे अर्धंमुर्धं सांगितलं. ती म्हणाली, "इरजण द्यायला कोन भांडन पाह्यते, बापा?" खरंय. विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, माझ्याही पेशी काही आठवड्यांत भरून येणार होत्या. (दिवेलागणीनंतर आमच्याकडं विरजणही देत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) म्हणजे अडत होतं ते रक्त नव्हतंच. राग सोडवत नव्हता.

सकाळी जाऊन हो म्हटलं. बांधाचं बोललो नाही. सोडला असंही म्हटलं नाही, आणि हे मी मुद्दाम केलं. माझं रक्त अंगात घेऊन दादा जन्मभर खाली मान घालून बसला, तर त्याची भांडायची सोय मी काढून घेतल्यासारखं होईल. मला नाही म्हणायची मुभा मिळाली, ती त्यालाही पाहिजे. अनोळखी माणसाला देणारे बरे, नोंदणी करतात, देतात, मध्ये बांध येत नाही.

दादाचे डोस सुरू झाल्यावर मला रोज एक सुई. तिनं हाडातल्या पेशी वाढून रक्तात उतरतात. तिसऱ्या दिवसापासून कंबर अशी ठणकली, की औत धरल्यावर कधी ठणकली नव्हती. पाचव्या दिवशी यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातानं परत येतं. चार-साडेचार तास हात हलवायचा नाही. आपल्या देशात असं रोपण पहिल्यांदा झालं तेही परळलाच, टाटा रुग्णालयात, 1983 साली डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. तेव्हा दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढत. त्या मानानं मी सुखी. शेवटी एक छोटी लालसर पिशवी भरली. आमच्या गावात चहाला याहून जास्त दूध लागतं.

दादाचा रक्तगट बी, तो हळूहळू माझा ओ होईल म्हणाले.

परवा त्याचा फोन आला. आवाज बारीक, पण त्याचाच. "शाळू कसा हाय?"

म्हटलं, "तुझ्या बाजूचा बरा हाय."

जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "माझी बाजू कुठपातुर धरतोयस तू?"