बोलण्याचा मान कोणाला?

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० साली, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांच्या पुढाकाराने, धामापूर व काळसे येथील गावकऱ्यांच्या हातांनी उभा राहिला असे सांगतात. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मानही मिळाला. अशा तलावाच्या भवितव्याची चर्चा वृत्तपत्रांत होते तेव्हा कोणाचे म्हणणे छापले जावे? मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे, तज्ज्ञांचे. आणि त्या पाण्यावर शेती करणाऱ्याचे?

मराठी वृत्तपत्राचे जनक याच जिल्ह्याचे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठीच्या जोडीला इंग्रजी मजकूर असल्यामुळे एतद्देशीयांचे विचार राज्यकर्त्यांच्याही वाचनात येऊ शकले. परंतु त्या आरशासमोर उभे राहण्याची मुभा सर्वांनाच नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. ज्या पत्रातील लिखाणापायी लोकमान्यांनी १८९७ व १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा भोगली, तेच हे पत्र! स्वतः मुस्कटदाबी सोसलेला मनुष्यही दुसऱ्याच्या वाणीला दार बंद करू शकतो, हे आम्हांला येथे विशेष विचारार्ह वाटते.

वृत्तपत्रात जागा थोडी असते, प्रत्येकाचे प्रत्येक म्हणणे छापता येत नाही, हे मान्यच आहे. पण जागा थोडी असते म्हणूनच निवडीला नैतिक मोल येते. गरिबाला वृत्तपत्रात स्थान मिळतच नाही असे नव्हे. पूर आला की त्याच्या अश्रूंचे छायाचित्र छापतात. त्याचा युक्तिवाद मात्र क्वचितच छापतात. दुःख त्याचे आणि विचार दुसऱ्याचे, ही वाटणी अन्यायाची आहे. तज्ज्ञाला पाण्याचे माप कळते. कोणत्या महिन्यात कोणत्या मळ्यात पाणी पोहोचत नाही, हे शेतकऱ्याला कळते. निर्णयाला दोन्ही ज्ञाने हवीत. शिवाय ज्याला निर्णयाचे परिणाम भोगावयाचे आहेत, त्याला निर्णयापूर्वी विचारणे हा उपकार नसून त्याचा अधिकार होय.

हे कर्तव्य केवळ संपादकांचे नाही. आपल्या गावाविषयीची बातमी वाचताना, यात कोणाला विचारलेले नाही, असा प्रश्न आपण घराघरांत करावा. उत्तर सापडले तर संपादकांना पत्र लिहावे. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ बसून, आपले शब्द त्याच्या तोंडी न घालता, त्याचेच म्हणणे उतरवून घ्यावे.