सिंगापूर आणि साडेबारा टक्के

ऑफिसमधलं कुणी सिंगापूरला जाऊन आलं, की पुढचा आठवडाभर डब्याच्या टेबलावर तोच विषय असतो. तिथली मेट्रो, तिथले फुटपाथ, चांगी विमानतळातला धबधबा. शेवटी एक वाक्य ठरलेलं: "आपल्याकडेही तशी शिस्त पाहिजे. चार लोक आडवे पडले म्हणून काम थांबता कामा नये." दोनेक वर्षांपूर्वीपर्यंत मीही मान डोलवायचो.

मी नवीन पनवेलमध्ये राहतो. फ्लॅटचे हप्ते अजून सतरा वर्षं चालतील. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं सुरू झाली, तेव्हा आमच्या सोसायटीत आनंद होता. भाव वाढणार होते. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. कॉलेजमधल्या एका मित्राला फोन केला. त्याचं गाव विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. तो म्हणाला, "आमच्या ओटीवर आता बहुतेक टॅक्सीवे असेल." आणि हसला. मला काही बोलता आलं नाही.

मग मी सिंगापूरबद्दल वाचायला लागलो. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने तिथल्या सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचे मोठे अधिकार दिले. पुढे भरपाईचा दर १९७३ च्या किमतीला बांधून टाकला, म्हणजे नंतर भाव कितीही चढले तरी मालकाला जुनाच दर. ऐकायला अन्याय वाटतो. पण त्या जमिनींवर सरकारने सामान्यांसाठी घरं बांधली, आणि आज तिथले बहुसंख्य रहिवासी सरकारी इमारतींत राहतात. डाव्या विचाराच्या माणसालाही हे नाकारता येत नाही.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र आमच्या टेबलावर येत नाही. १९६३ मध्ये तिथे शंभराहून जास्त डावे नेते आणि युनियनचे कार्यकर्ते उचलून विनाखटला तुरुंगात टाकले होते. आजही तिथे परवान्याशिवाय निदर्शनं करणं गुन्हा आहे. म्हणजे 'आडवे पडणारे' तिथे नव्हते असं नाही, त्यांना आधीच बाजूला केलं होतं.

आता आपलं बघा. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भाव कवडीमोल, म्हणून शेकापचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात, जासई परिसरात, पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. त्यानंतरच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचं तत्त्व सरकारला मानावं लागलं. पुढे देशात भूसंपादनाची चर्चा निघाली, की या उदाहरणाकडे बोट दाखवलं जातं.

म्हणजे टेबलावर आम्ही ज्यांना 'चार लोक' म्हणतो, त्यातले पाच तर मेलेच.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण मित्राने मला थांबू दिलं नाही. तो म्हणाला, "आमच्या आजोबांच्या नावावर सातबारा होता, म्हणून आम्हाला भूखंड मिळाला. आमच्या शेतात लावणीला येणाऱ्या बाया होत्या, त्यांच्या कामाचे साडेबारा टक्के कसे काढायचे?" सिंगापूरने विचारलं, इथे राहणार कोण. आपण विचारलं, ही कोणाची होती. इथे राबलं कोण, हा प्रश्न दोन्हीकडे मागेच राहिला. तरी एक फरक मला मोठा वाटतो. जिथे रस्ता अडवता येतो, तिथे हा तिसरा प्रश्न उद्या तरी विचारता येईल. जिथे अडवता येत नाही, तिथे सरकारला सुचेल तेवढाच न्याय.

यात माझा काय दोष? १९८४ मध्ये मी जन्मलोही नव्हतो. पण आमच्या धंद्यात जुना कोड वारशानेच मिळतो. तो मी लिहिलेला नसतो, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. तरी बग आला की 'मी तेव्हा नव्हतो' हे उत्तर चालत नाही, कारण आज त्या कोडवर पगार मी घेतो. दोष माझा नसेल, जबाबदारी मात्र आहे.

ती फेडायची कशी, याचं मोठं उत्तर माझ्याकडे नाही. फ्लॅट परत करणार नाही, हप्तेही भरणार. पण आता विमानतळाभोवती नैनाचं नवं शहर आखलंय आणि पुन्हा शेतकऱ्यांच्या सभा होतायत. त्यांना 'विकासाला आडवे येणारे' म्हणण्याआधी त्यांचं म्हणणं एकदा पूर्ण ऐकायचं, एवढं मला जमेल. मागच्या आठवड्यात टेबलावर पुन्हा ते वाक्य आलं. मी फक्त विचारलं, "जासई माहितीये?" कुणालाच माहीत नव्हतं. डबे अर्धे राहिले, पण त्या दिवशी सिंगापूरचा विषय पुढे सरकला नाही.