प्रिस्किल्लेचे नाव आधी

नव्या करारात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या पती-पत्नीचा उल्लेख सहा वेळा येतो. त्यांपैकी चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. पहिल्या शतकातल्या रोमी जगात ही रीत नव्हती. ती वरच्या कुळातली असावी म्हणून हा मान, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेलही, पण तिचे काम पाहिले की कुळाचा प्रश्न मागे पडतो.

इ. स. 49 च्या सुमारास सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून घालवून दिले, तेव्हा हे जोडपे करिंथला आले. तंबू तयार करणे हा त्यांचा व्यवसाय, आणि प्रेषित पौलाचाही तोच. पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्यासोबत काम करू लागला. पुढे इफिसमध्ये अपुल्लोस हा विद्वान वक्ता सभास्थानात बोलत असे, पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. दोघांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. इफिसला आणि नंतर रोमलाही त्यांच्या घरी ख्रिस्ती मंडळी भरत असे. आपल्यासाठी या दोघांनी जीव धोक्यात घातला, अशी कृतज्ञता पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात नोंदवली आहे.

स्त्रीने शिकवू नये, असे सांगताना नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार दिला जातो. पण त्याच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी सलाम सांगितला आहे तो आधी प्रिस्किल्लेला आणि मग अक्विल्लाला. अपुल्लोसासारख्या पंडिताला शिकवणारी स्त्री ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथाच्या नावाने स्त्रीला गप्प बसवणे मला अन्यायाचे वाटते.

हा प्रश्न बुलढाण्याला परका नाही. इथल्याच ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून, शास्त्रे कोणी आणि कोणाच्या सोयीने रचली, असा जाब विचारला. लोक तुटून पडले तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचा रोख हिंदू समाजाकडे होता. पण तो जाब प्रत्येक धर्माने स्वतःला विचारावा असा आहे.

ख्रिस्ती समाजालाही तो चुकत नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने काम केले. त्या काळच्या मिशनांच्या कागदपत्रांत विवाहित स्त्री बहुधा पतीच्या नावाला जोडलेली ‘मिसेस’ म्हणूनच भेटते. घरोघर जाऊन शिकवणाऱ्या बायबलबायांच्या वाट्याला तर अनेकदा तेवढीही नोंद आली नाही. काम दोघांचे आणि नाव एकाचे, अशी ही वहिवाट पडली.

ती मोडणारे ठळक मराठी उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी आधी विरोध केला, स्वतः विचार केला आणि 1900 मध्ये स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळक दहा-अकरा अध्यायांवर सोडून 1919 मध्ये गेले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पतीच्या सावलीत राहणाऱ्या स्त्रीकडून हे होत नाही. तिथे दोन स्वतंत्र मने एका कामाला वाहिलेली असावी लागतात.

सहजीवनातून उभे राहिलेले काम दोन्ही नावांनी ओळखले जावे, असे मी मानतो. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या चर्चांना आणि ख्रिस्ती कुटुंबांना माझी विनंती आहे: बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, जुनी पत्रे, फोटोंमागची टिपणे काढा. वयस्कर माणसांना विचारा. आपल्या गावात शिकवणाऱ्या, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या, घरात मंडळी भरवणाऱ्या बायांची त्यांची स्वतःची नावे शोधा आणि मंडळीच्या इतिहासात लिहा. विचारण्याजोगी माणसे आहेत, तोवरच हे काम होऊ शकेल.