बारावं पोतं

सहलीची कल्पना माझ्या मेहुण्याची. त्याचा एक वर्गमित्र रोमानियाला जाऊन आला होता आणि तिथल्या तुर्दा गावच्या मिठाच्या खाणीचे फोटो त्याने पाठवले होते. 1932 साली काम थांबलेली खाण. आता तिच्या पोटात उतरायचं तर खाली तळं, तळ्यात होड्या, आणि जमिनीखाली चक्क जत्रेतला आकाशपाळणा. मेहुणा दोन दिवस ते फोटो घरभर दाखवत फिरला. "दाजी, आपल्याकडं काय कमी आहे? दौलताबादची अंधेरी, वेरूळची लेणी, पाणचक्कीचं जमिनीखालून येणारं पाणी. एक दिवस, खासगी गाडी, आपण तिघंच." तिसरे म्हणजे तात्या, माझे सासरे.

तात्यांनी जालन्याच्या मोंढ्यात पंचेचाळीस वर्षं अडत चालवली. आता दुकान मेहुणा बघतो. त्याने नवीन गोडाऊन बांधलंय, आठ कॅमेरे लावलेत, आणि माल बराचसा फोनवरच्या फोटोवरून घेतो. तात्यांना ते पटत नाही, पण बोलत नाहीत. सकाळी दुकानात येऊन बसतात, जो शेतकरी येईल त्याला पाणी देतात, अकराला घरी जातात.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मेहुण्याने वेळापत्रक छापूनच आणलं होतं. नऊ ते अकरा किल्ला, साडेअकरा वेरूळ, दोनला जेवण, चारला पाणचक्की, साडेपाचला मकबरा. गाडी चालवणारे चाचा छत्रपती संभाजीनगरचे, पांढऱ्या दाढीचे, फार न बोलणारे. दिल्ली दरवाजा मागे पडल्यावर त्यांनी आरशातून बघत विचारलं, "साहब, किल्ले के बाद किधर?"

"वेरूळ."

"वेरूळ तो आज बंद रहता. मंगलवार है ना."

"अहो, मग काल फोनवर का नाही सांगितलं?"

"आप पूछे कब?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलले. हसत होते.

दौलताबादचा किल्ला लांबूनच माणसाला दबकवतो. सपाट रानात एकटाच उभा डोंगर, आणि त्याची कमरेखालची बाजू छिन्नीने तासून सरळसोट भिंतीसारखी केलेली. पन्नासेक मीटरचा तो ताशीव कडा पाहिला की वर चढायचा विचार घोरपडीलाही सुचू नये. त्याच्या आधी अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक तट. मग कातळात खोदलेला खंदक. गाइड म्हणाला, यात मगरी सोडत. गाइड लोकांच्या मगरींवर मी फारसा विश्वास ठेवत नाही; प्रत्येक किल्ल्याच्या खंदकात त्यांनी त्या सोडून ठेवल्या आहेत. पण मगरी नसत्या तरी बिघडत नव्हतं, इतका तो खोल आहे. भिल्लम यादवाने बाराव्या शतकात इथे राजधानी मांडली तेव्हा नाव देवगिरी. 1327 साली महंमद तुघलकाने दिल्ली उठवून इथे आणायचं ठरवलं तेव्हा दौलताबाद.

वाटेत चांदमिनार झाला, मेंढा तोफ झाली. मेंढ्याच्या तोंडाची ती तोफ मेहुण्याने चारी बाजूंनी टिपली. चिनी महालापाशी गाइडने सांगितलं की गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा इथे कैदेत मेला. 1687 साली औरंगजेबाचा वेढा गोवळकोंड्याभोवती आठ महिने पडून होता. शेवटी आतल्याच एकाने रात्री दार उघडून दिलं. तात्यांनी मान हलवली. मोंढ्यात चोरी झाली की ते पहिल्यांदा कुलूप बघत नसत, किल्ली कुणाकडे होती ते विचारत.

खंदकावरचा लोखंडी पूल ओलांडला की अंधेरी सुरू होते. डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा, वळणावळणांचा काळाकुट्ट बोगदा. आधी वास येतो, वटवाघळांचा, ओला आणि आंबट. मग पायरीचा अंदाज जातो, कारण दोन पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. मुद्दामच तशा कोरल्यात. गाइडने मधेच विजेरी बंद केली. तात्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांची पकड अजून हमालासारखी आहे.

"आता बघा," गाइडचा आवाज कुठून आला ते कळेना. "शत्रू इथवर आला. वाट फुटते, दोन तुकड्या दोन बाजूंनी जातात, आणि पुढे समोरासमोर येतात. अंधारात कोण आपला, कोण परका? आपसात कापाकापी. त्यातून वाचला त्याला तिकडं उजेड दिसतो. माणूस उजेडाकडं धावणारच ना? तिकडं खिडकी आहे, तिच्याखाली थेट खंदक. आणि वरच्या तोंडावर लोखंडी झाकण; त्याच्यावर निखारे पेटवले की आत धूरच धूर."

विजेरी पुन्हा लागली तेव्हा मेहुणा छताकडे बघत म्हणाला, "तात्या, असा बंदोबस्त पाहिजे गोडाऊनला."

बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे दिपले. इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथल्या तळघरांत मांजरापेक्षा मोठे उंदीर असतात, असं त्याला सांगण्यात आलं. मी ते गाइडला सांगितलं. तो खूश झाला. उद्यापासून मगरींच्या जोडीला उंदीरही येतील.

पुढे गणपतीच्या देवळापाशी तात्या बसले. वरपर्यंत मिळून साडेसातशे पायऱ्या आहेत असं सांगतात, आणि तात्यांचं वय बहात्तर. त्यांच्याबरोबर आम्हीही टेकलो. मेहुण्याने घड्याळ पाहिलं आणि गाइडला विचारलं, "एवढा किल्ला, मग पडला कसा?"

"मिठानं," गाइड म्हणाला.

ही गोष्ट फरिश्त्याने लिहिलेली आहे, घटनेनंतर तीनशे वर्षांनी, त्यामुळे चिमूटभर मीठ त्याच्याही पदरचं असेल. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला. रामदेवरायाचं मोठं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. राजा घाईने वरच्या किल्ल्यात शिरला. नेमका त्याच वेळी व्यापाऱ्यांचा एक तांडा गावाजवळून जात होता. गडबड ऐकून ते लोक पोती टाकून पळाले. राजाच्या माणसांनी ती पोती धान्याची म्हणून वर नेऊन रचली. मग राजपुत्र परतला, लढाईही जिंकत आला होता. पण खिलजीची हजारभर घोडेस्वारांची एक तुकडी बाजूने धूळ उडवत आली, ती धूळ पाहून लोकांना वाटलं दिल्लीची मोठी फौजच आली, आणि सगळे पळाले. तरी किल्ला होताच. वर पोती होती, महिनोन्‌महिने पुरतील एवढी. ती उघडली तर सगळं मीठ.

"एकानं पण हात घालून बघितलं नाही?" तात्यांनी विचारलं. आवाज जरा चढाच होता. "टोकदार नळी खुपसली की मूठभर माल बाहेर येतो. एका पोत्याला किती वेळ लागतो? अरे, उचलणाऱ्या हमालाला तरी कळायला पाहिजे होतं! मिठाचं पोतं पाठीवर वेगळं बसतं."

"ते इतिहासात नाही, काका," गाइड म्हणाला.

मला हेमाडपंत आठवला. याच रामदेवरायाचा श्रीकरणाधिप, म्हणजे सगळ्या दफ्तराचा प्रमुख. ज्या दरबारात कागद इतके नीट ठेवले जात, तिथे पोत्याचं तोंड सोडायला कुणी नव्हतं. मी हे बोलून दाखवलं. मेहुणा हसला. तात्या हसले नाहीत. पोत्यांच्या त्या उल्लेखाने त्यांचं काहीतरी बिनसलं होतं.

"वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. ते इथले किल्लेदार होते. एकनाथ महाराज त्यांच्याजवळ इथंच शिकले," गाइड म्हणाला.

"ती पैची गोष्ट इथलीच." तात्या माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत असेल, जावईबापू. स्वामींनी नाथांकडं हिशोब दिलेला. एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिवा लावून बसले, पहाटे चूक सापडली, तर आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले ते टाळीनं." ते थांबले. "एक पै. आणि त्याच डोंगरावर दोन-अडीचशे वर्षांआधी हजारो पोती, आणि कुणी हात नाही लावला."

मेहुणा वर जाऊन यायला निघाला होता. तो दोन पायऱ्या चढून थांबला, कारण तात्या बोलायचे थांबत नव्हते.

"1994 साल. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात बदनापूरकडचा एक शेतकरी माल घेऊन आला. मी पट्टी केली अकरा पोत्यांची. तो म्हणाला, शेठ, बारा आहेत. मी म्हणालो, अकरा. तो म्हणाला, थप्पी मोडून मोजा. आता थप्पी मोडायची म्हणजे चार हमाल, दोन तास, आणि दारात गाड्यांची रांग. मी म्हणालो, माझ्या अडतीवर आजपर्यंत चूक झालेली नाही. चारचौघांत म्हणालो. तो गप बसला, पैसे घेतले, गेला."

"मग?"

"शिमग्याला ती थप्पी निघाली. बारा होती."

खाली तटावर माकडं भांडत होती. मेहुणा एक पायरी उतरला. "मग तुम्ही काय केलं?"

"वहीत वाढ दाखवली. म्हटलं, पुढच्या हंगामात आला की देऊन टाकू. तो आलाच नाही. समोरच्या अडतीवर जायचा. रोज मला रामराम करायचा, बरं का. समोरून, हात जोडून. मी पण करायचो."

वर कुणीच गेलं नाही. शहाजहानच्या काळातली बारादरी आम्ही खालूनच पाहिली. अंधेरीतून उतरताना तात्यांनी माझा हात धरला नाही. भिंतीला हात लावत, प्रत्येक पायरी पायाने चाचपत ते पुढे चालले आणि गाइडची विजेरी मागेच राहिली.

बाहेर दौलताबादची सीताफळं मांडून बायका बसल्या होत्या. तात्यांनी दोन डझन घेतली. एकेक हातात धरून, अंगठ्याने डोळे दाबून. मेहुणा वेळापत्रकाचा कागद उलगडून म्हणाला, "पाणचक्कीला आता लवकर पोचू. जमिनीखालून येणारी ती नहर—"

"बदनापूर," तात्या चाचांना म्हणाले. "तिथून आत वळायचं आहे. रस्ता मी सांगतो."

चाचांनी कुणाला काही विचारलं नाही. गाडी खासगी होती त्याचा एवढा एक उपयोग झाला.

बदनापूरला तात्यांनी गाडी थांबवून एटीएममधून पैसे काढायला लावले. "पोत्याला पोतं, आजच्या भावानं. क्विंटलभर ज्वारी." भाव त्यांना तोंडपाठ होता. नोटा रुमालात बांधल्या. व्याजाचं मेहुण्याने काढलं तेव्हा म्हणाले, "तो मागेल ते देऊ. तोंड त्याचं आहे."

घर सापडायला तासभर गेला. अंगणात कापसाचा ढीग, शेजारी बाजेवर म्हातारा. तात्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने कपाळावर आडवा हात धरून पाहिलं, आणि तसाच बसून हात जोडले. "रामराम, शेठ."

तात्या उभेच राहिले. "बारा होती," म्हणाले. दुसरं काहीच प्रास्ताविक नाही.

म्हाताऱ्याला कळायला क्षणही लागला नाही. तीस वर्षांचं अंतर त्याच्या बाजूने नव्हतंच बहुतेक. "व्हय. बाराच व्हती."

सीताफळांची पिशवी आत गेली, पाणी आलं. तात्यांनी रुमाल सोडून बाजेवर ठेवला. "क्विंटलभर ज्वारीचे. आजचा भाव."

म्हातारा रुमालाकडे बघत राहिला. हात लावला नाही. मग हळूच म्हणाला, "ज्वारी कशाची, शेठ? संक्रांतीच्या टायमाला ज्वारी घरात खायला ठेवतेत. तूर व्हती."

मी तात्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते; मनातल्या मनात ते जुनी वही उलटत असावेत. मेहुणा म्हणाला, "घरी जाऊन वही बघू का?" तात्यांनी हाताने त्याला गप केलं.

"तूर," ते म्हणाले. "तूरच होती. बरोबर." मग बाजेच्या कडेला टेकले, अगदी सावकाश. "मला ज्वारी कशी काय आठवत होती?"

म्हाताऱ्याने त्याचं उत्तर दिलं नाही. तुरीचा भाव ज्वारीच्या दुपटीहून जास्त. मेहुण्याने फोन काढला, "बाबा, नंबर सांगा, राहिलेले आत्ता पाठवतो."

"फोनातले पैसे मला मोजता येत न्हाईत."

मेहुण्याने पाकीट झाडलं, मी माझं झाडलं. तरी कमी पडले. फाटकापाशी उभ्या चाचांनी काही न बोलता खिशातून डिझेलचे ठेवलेले पैसे काढून दिले. आतून कुणीतरी चहाचं आधण ठेवल्याचा वास आला.

म्हाताऱ्याने नोटा मांडीवर घेतल्या. जिभेला अंगठा लावून एकेक करत मोजल्या. तात्या बघत होते. सगळ्या मोजून झाल्यावर त्याने गड्डी सरळ केली, उलटी धरली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"मोजा," तात्या म्हणाले. "सावकाश मोजा."