उसना डोळा

टिटवाळ्याच्या स्थानकावर सकाळीं कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींत, हातीं तपासणीच्या कागदांचा लखोटा घेतलेला एखादा मनुष्य बहुधा दिसतोच. कोणी ठाण्यास जातो, कोणी परळास १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट धरतो. त्याच्या मनांत एकच चिंता असते : डॉक्टर आपणांस नीट पाहतील ना? या चिंतेस अलीकडे एक नवा फांटा फुटला आहे. त्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडतों.

मोठ्या आंतड्याचा कर्करोग बहुतकरून एकाएकीं होत नाहीं. आंत मांसाचा लहानसा कोंब येतो. त्यास पॉलिप म्हणतात. सर्वच कोंब वाईट नसतात, परंतु कांहींचें पुष्कळ वर्षांनीं कर्करोगांत रूपांतर होतें. दुर्बिणीची लवचीक नळी आंत घालून डॉक्टर आंतडें पाहतात व कोंब आढळल्यास बहुधा तेव्हांच काढतात. हीच कोलोनोस्कोपी. पण डोळा थकतो, चपटा कोंब नजरेंतून निसटतो. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचें साह्य घेण्याची रीत निघाली. डॉक्टरांनीं खुणा केलेलीं हजारों चित्रें पाहून यंत्र शिकतें, आणि पडद्यावर संशयित जागेभोंवतीं चौकट काढतें.

चीनमधील १,०५८ रोग्यांवरील प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. यंत्राचें साह्य होतें तेथें शेंकडा २९.१ रोग्यांत पुढें धोका संभवणारे कोंब सांपडले. नव्हतें तेथें २०.३. परंतु पोलंडमधील चार केंद्रांची पाहणी २०२५ सालीं निघाली, ती वेगळें सांगते. यंत्र येण्यापूर्वीं तेथील डॉक्टरांस शेंकडा २८.४ रोग्यांत असे कोंब सांपडत. यंत्राची संवय झाल्यावर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांत तें प्रमाण २२.४ वर आलें. ही एकच पाहणी आहे, आणि इतरही कारणें असूं शकतील. तथापि प्रश्न गंभीर आहे.

जुने वाणी पावकी-निमकी तोंडपाठ ठेवून क्षणांत हिशेब सांगत. हिशेबाचें यंत्र आलें आणि पाठांतर गेलें. पण त्यांत गिऱ्हाइकाचें फारसें नुकसान झालें नाहीं, कारण यंत्र दुकानोदुकानीं पोंचलें. येथें तसें नाहीं. मोठ्या शहरांतील रोग्यास यंत्राचा लाभ होतो. त्याच डॉक्टरांची संवय गेलेली नजर ज्याच्या वांट्यास येते, तो मात्र यंत्र नसलेल्या लहान रुग्णालयांतला गरीब रोगी. लाभ एकाला आणि हानि दुसऱ्याला, हा यांतील खरा नैतिक पेंच होय.

म्हणून यंत्र टाकून द्यावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें एखाद्याचा प्राण वांचूं शकतो तें साधन अभिमानापायीं नाकारणें हा सद्गुण नव्हे. पण उसना डोळा घेणाऱ्यानें आपला डोळा मिटूं नये. डॉक्टरांनीं मधून मधून यंत्राविना आपली नजर पारखावी. यंत्र दुर्बिणीसमोर आलेलेंच दाखवितें. घडीमागें किंवा मळाखालीं दडलेलें त्यास दिसत नाहीं. कधीं कधीं तें बुडबुड्यालाही चौकट काढतें. सावकाश पाहणें व निर्णय करणें हें माणसाचेंच काम आहे. “यंत्रानें दाखविलें नाहीं” हें उत्तर रोग्याला देतां येणार नाहीं.

आणि प्रिय वाचकहो, आपलेंही कर्तव्य आहे. शौचावाटे रक्त गेलें तर मूळव्याध समजून लाजेनें तें लपविणारे आमच्या गांवांत थोडे नाहींत. उपदेशक बंधूंनीं ही लाज मोडण्यास साह्य करावें, आणि तपासणीपूर्वीं पोट साफ करण्याचें औषध सांगितल्याप्रमाणें पूर्ण घेण्यास सांगावें. जो दारापर्यंत आलाच नाहीं, त्यास डॉक्टरचा डोळाही पाहूं शकत नाहीं आणि यंत्राचाही नाहीं.